कॉलनीचं अध्यक्षपद गळ्यात पडलंय. भांडण पेटायच्या आधी काय करून ठेवायचं?

पाथर्डी_फाटा
मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमची कॉलनी नाशकातली, साधारण दीडशे घरांची. रो हाऊस, चार अपार्टमेंट आणि मधोमध महापालिकेचा ओपन स्पेस. सगळं रामायण त्या ओपन स्पेसवर. सकाळी ज्येष्ठ नागरिक फेऱ्या मारतात, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. भाद्रपदात गणपती, अश्विनात गरबा, एप्रिलमध्ये जयंती. एका कोपऱ्यात मारुतीचं छोटं देऊळ आहे, त्याला सभामंडप हवा म्हणून एक गट मागे लागलाय. गणपती-नवरात्राची मंडळं दोन. एक आमचं जुनं, दुसरं मागच्या गल्लीतल्या पोरांनी पाच वर्षांपूर्वी काढलेलं.

गेल्या नवरात्रात लाइटिंगच्या वायरवरून बाचाबाची झाली, मग ढकलाढकली. दोन्हीकडून एनसी (अदखलपात्र तक्रार) दाखल झाली. आधीच्या अध्यक्षांनी बीपीचं कारण सांगून राजीनामा दिला. नव्या निवडीच्या सभेत मी फोन आला म्हणून बाहेर गेलो, परत आलो तर लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस आहे.

आता आषाढ चाललाय, गणपतीला दोन महिने आहेत. 'सामंजस्याने घ्या' हे सोडून काहीही सांगा. ज्यांनी गावात, सोसायटीत, मंडळात अशी भांडणं हाताळलीत त्यांनी नेमकं काय केलं ते हवंय.

चहा_कमी_साखर
पहिला सल्ला: सभेतून फोन घ्यायला बाहेर जायचं नाही.

मखमलाबादी
दुसरा सल्ला: तुम्हालाही बीपी आहे का तपासून घ्या. (गंमत केली, हलके घ्या.)

माजी_फौजदार
३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच बंदोबस्तात. दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे शांतता समितीची बैठक. सणाच्या आधी पोलीस स्टेशनला ती होते, तुम्हालाही बोलावतील. पुढच्या खुर्च्यांवर पांढऱ्या कपड्यातले तेच ते पंधरा चेहरे. 'आमच्या भागात सगळे गुण्यागोविंदाने राहतात' असं प्रत्येक जण म्हणणार, चहा-बिस्कीट होणार, फोटो निघणार. ज्या पोराच्या हातात त्या रात्री दगड असतो तो त्या बैठकीत कधीच नसतो. त्याला कुणी बोलावलेलंच नसतं. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यात पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. आम्हाला ते उदाहरण कायम सांगायचे. ऐकून सगळे माना डोलवायचे आणि परत त्याच पंधरा जणांना फोन लावायचे.

दुसरी गोष्ट कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही. मिरवणूक चालू असते तोवर सहसा काही होत नाही. ती थांबते तिथे होतं. आणि थांबते कशाने? खाली लोंबणाऱ्या केबलने, झाडाच्या फांदीने, जनरेटर बंद पडल्याने. मूर्तीची उंची वायरला अडली की ट्रॅक्टर वीस मिनिटं उभा. तो नेमका दुसऱ्या मंडळासमोर उभा राहिला की पोरं तिथेच नाचणार, आवाज वाढणार, समोरचे बाहेर येणार. जुन्या नाशकात ड्यूटी असायची तेव्हा मिरवणुकीच्या आठ दिवस आधी मी एका हवालदाराला बांबू घेऊन पूर्ण रस्ता चालवायचो. बांबूवर मूर्तीच्या उंचीची खूण केलेली. जिथे बांबू अडला तिथे वीज मंडळाला आणि केबलवाल्याला पत्र. लोक हसायचे. हसू द्या.

आणि ज्यांच्यावर शंका आहे त्यांना १०७ कलमाखाली शांततेच्या हमीपत्रावर बांधून घ्यायचं, १४९ च्या प्रतिबंधक नोटिसा द्यायच्या, ते आमचं काम. ते अध्यक्षांनी डोक्यात घेऊ नये.

वकील_बोका
फौजदार साहेब, बांबू फार आवडला. पण कलमं बदलली हो. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात १०७ चं झालं १२६ आणि १४९ चं झालं १६८. जमावबंदीचं १४४ आता १६३.

माजी_फौजदार
आकडे बदलले बोकेसाहेब, नोटीस घेताना पोरांचा चेहरा तोच असतो.

पुण्याहून_प्रेमाने
आमच्याकडे असे प्रश्न उद्भवत नाहीत. आम्ही पाटी लावतो.

मखमलाबादी
आणि पाटीवरून भांडतो.

गंगाघाट
तुम्ही नाशिककर असून सगळ्यात जुना उपाय विसरलात. सिंहस्थात आधी कोणी स्नान करायचं यावरून शैव आणि वैष्णव साधूंची जुंपायची. पेशवाईत तोडगा निघाला: वैष्णव रामकुंडावर, शैव त्र्यंबकच्या कुशावर्तावर. आजपर्यंत तेच चाललंय. दोन मंडळांना दोन ओपन स्पेस द्या, विषय संपला.

चहा_कमी_साखर
दुसरा ओपन स्पेस त्र्यंबकला देणार का?

गंगाघाट
गरबा खेळून थेट दर्शन, वाईट काय आहे.

गंमत सोडा. वेगळं करण्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आखाड्यांचा स्नानाचा क्रम आधी ठरलेला असतो, कोण कोणाच्या मागे ते सगळ्यांना माहीत असतं. २०२७ ला परत बघायला मिळेलच. घाटावर उभं राहून कुणी क्रम ठरवत नाही. गणपतीच्या मुख्य मिरवणुकीचंही तसंच, ती जिथून निघते त्या वाकडी बारवेपाशी पोचल्यावर नंबर लावायचा नसतो. ऐनवेळी ठरवायला गेलं की तो मानापमान होतो.

ओझरची_चारी
इथे बहुतेक शहरातली मंडळी आहेत, मी शेतकरी माणूस. पण भांडणाचा अनुभव आमच्याइतका कुणाला नसेल. पाण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले बघितलेत.

आमच्याकडे वाघाड धरणाचं पाणी येतं, पण ओझर पडलं कालव्याच्या शेपटाला. वरचे पाणी घ्यायचे, खाली यायचं ते फक्त कागदावर. रात्री कालव्याची दारं फोडायची, पाटकऱ्याला दमदाटी, कुऱ्हाडीपर्यंत गोष्टी गेलेल्या. १९९० च्या सुमाराला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातून शेतकऱ्यांना गोळा करून पाणी वापर संस्था सुरू केल्या. पुढे सगळ्या धरणावर संस्था झाल्या, सरकारकडून पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात वाटायचं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. वडील संस्थेत होते, म्हणून जवळून बघितलं. लोक म्हणतात एकी झाली म्हणून भांडणं थांबली. मला उलटं वाटतं. चारीच्या, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या छोट्या कालव्याच्या, तोंडाशी पाणी मोजायची सोय झाली, तिथे एक पट्टी लावलेली असते, सेंटीमीटरची. पाणी किती उंचीने चाललंय ते कुणीही वाकून बघायचं. वडिलांचा एक कट्टर विरोधक होता, नाव नको. तो रोज सकाळी सायकलवर यायचा, पट्टी बघायचा, बिडी पेटवायचा, निघून जायचा. वर्षभर आला. वडिलांशी बोलला एक शब्द नाही. पण दार फोडायचं बंद झालं. आधी त्याला वाटायचं आपल्याला फसवतायत, आणि ते खरंय की खोटं हे बघायची सोयच नव्हती.

तर भाऊ, तुमच्या ओपन स्पेसची पट्टी कुठेय? कुणाला किती दिवस, किती तास, वीज कुणाच्या मीटरवरून, हे भिंतीवर लिहिलेलं आहे का? की अध्यक्षाच्या डोक्यात आहे?

सातपूर_कॉलनी
ओझरकर, प्रतिसाद सेव्ह करून ठेवला.

निफाडचा_द्राक्षवाला
हे ऐकून बरं वाटतं, पण जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की तुमची पट्टी कुठे जाते? जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा नियम लिहिलेला आहेच की. तरी दर टंचाईच्या वर्षी आंदोलनं आणि कोर्टकचेरी.

ओझरची_चारी
तो नियम आमच्यासमोर बसून कुणी केला नाही म्हणून. चारीवरचा आम्ही केला होता. पण हा विषय इथे नको, पाचशे प्रतिसाद होतील आणि अध्यक्ष महाराज बिचारे बाजूलाच राहतील.

सुनंदा_जेलरोड
एक विचारू? दोन मंडळं, ज्येष्ठ नागरिक, क्रिकेटची पोरं, देवळाचा गट. यात बाई कुठे आहे? गरबा कोण खेळतं?

आमच्या भागात २०१८ च्या पावसाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. राईनपाड्याला १ जुलैला पाच निरपराध माणसं जमावाने मारली, धुळे जिल्ह्यात. त्याच रात्री मालेगावातही एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, त्यांना पोलिसांनी वाचवलं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी आमच्या गल्लीत एक चादरी विकणारी बाई आली, सोबत लहान मूल. अर्ध्या तासात ग्रुपवर तिचा फोटो, 'संशयित महिला'. खाली पंचवीस जण गोळा.

आमच्या भिशीतल्या एका काकूंनी काय केलं, तर तिला हाताला धरून स्वतःच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि मोठ्याने विचारलं, 'चादर कितीला?' मग दुसरीने विचारलं, रंग जातो का. आम्ही सहा-सात बायका तिच्याभोवती चादरी उलगडत बसलो. तोवर एकीने पोलिसांना फोन केला होता. चादरी उलगडत बसलेल्या बायकांना ओलांडून पुढे जायची कुणाची छाती झाली नाही. माझी ती चादर अजून आहे. रंग गेला.

हे कुणी ठरवलं नव्हतं. पण भिशीमुळे आम्ही एकमेकींना ओळखत होतो. तुमच्या कॉलनीत मागच्या गल्लीतल्या बायका आणि पुढच्या गल्लीतल्या बायका एका भिशीत आहेत का बघा. नसतील तर तुमचं काम तिथून सुरू होतं. नवरात्रात भांडण होणार हे तुमच्या बायकोला तुमच्या आधी पंधरा दिवस माहीत असेल.

पाथर्डी_फाटा
सुनंदाताई, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'पंधरा नाही, महिनाभर आधी. विचारलं कुणी?'

माजी_फौजदार
ताई, तुमच्या काकूंना आमच्या ट्रेनिंग सेंटरला पाठवायला हवं होतं.

वकील_बोका
थोडं कंटाळवाणं पण कामाचं.

१. मंडळाच्या अध्यक्षाला न्यायाधीश व्हायचा अधिकार नाही. २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा काही गावांत बक्षिसाच्या नादात भलते गुन्हेसुद्धा 'मिटवायला' घेतले गेले. मारहाण, बाईची छेड, ॲट्रॉसिटी असली प्रकरणं मंडळात बसून मिटवायची नसतात. थेट पोलीस.

२. 'त्या घराशी कुणी बोलायचं नाही, वर्गणी घ्यायची नाही' असा ठराव चुकूनही करू नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ठराव लिहून तुम्हीच पुरावा तयार कराल.

३. स्पीकर रात्री दहानंतर बंद, सवलतीचे मोजके दिवस सोडून. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती नियमात आहे, गरब्यात कधी ऐकली नाही.

४. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थी आहे. दोन्ही बाजूंची आधी संमती, तीन मध्यस्थ. त्यातून झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. पण कल्पना घेण्यासारखी आहे. तिघं घ्या, आणि तुम्ही त्यात बसू नका. तुम्ही एका मंडळाचे आहात.

तीन_नंबरची_गल्ली
सगळं वाचलं. एक खटकतंय. प्रत्येक जण भांडण थांबवायचं कसं हेच बोलतोय. काही भांडणं व्हायलाच हवी असतात.

नाशकातच सांगतो. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड. तेव्हाही शांततेची काळजी असलेली पुष्कळ मंडळी होती. रामरथ निघायच्या दिवशी, ९ एप्रिलला, तडजोड ठरली की दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा. प्रत्यक्षात दलित सत्याग्रहींना हात लावू न देता रथ पुढे पळवला, दगडफेक झाली. म्हणजे समझोता होता, क्रम ठरलेला होता, सगळं होतं. दोर कुणाच्या हातात द्यायचा ही वेळ आली तेव्हा तो दिला नाही. सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला. त्या काळी कुणी 'तंटामुक्त' म्हणून बक्षीस घेतलं असतं तर ते कुणाच्या बाजूने गेलं असतं?

त्यामुळे अध्यक्षांना माझा साधा प्रश्न. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये जयंतीचा एका शब्दात उल्लेख केलाय. जयंतीला ओपन स्पेस कसा मिळतो? गणपतीला जसा मिळतो तसाच?

मखमलाबादी
अरे दादा, प्रश्न लाइटच्या वायरचा आहे. प्रत्येक धाग्यावर जात कशाला?

तीन_नंबरची_गल्ली
मी विचारलं, आरोप केला नाही. उत्तर अध्यक्षांकडे आहे.

गंगाघाट
मखमलाबादी, माझ्या मते प्रश्न रास्त आहे. पट्टी लावायची तर सगळ्यांसाठी एकच लावावी लागेल ना.

पाथर्डी_फाटा
दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण फाइल शोधत होतो. खरं सांगतो. गणपतीसाठी आणि गरब्यासाठी कॉलनीने कधीच अर्ज मागितलेला नाही, गृहीतच धरलेलं असतं. जयंतीच्या मंडळाकडून मात्र दर वर्षी लेखी अर्ज घेतलाय. सात अर्ज आहेत फाइलमध्ये. आधीच्या अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, 'पद्धत आहे.' कुणी सुरू केली त्यांनाही माहीत नाही. मी स्वतः त्या कमिटीत तीन वर्षं होतो आणि माझी सही आहे त्यावर.

तीन_नंबरची_गल्ली
सांगितलंत हे चांगलं केलंत.

मखमलाबादी
माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

सिडकोचा_बंड्या
एक छोटी गोष्ट. ऑक्टोबर २०१६ ला नाशकात तणाव होता, तेव्हा इंटरनेट बंद केलं होतं. आमच्या मंडळाची सगळी व्यवस्था व्हॉट्सॲपवर. कुणाचा नंबर कुणाला पाठ नाही. शेवटी एका आजोबांच्या पॉकेट डायरीतून फोन लावले, त्यातही निम्मे लँडलाइन. तेव्हापासून आमच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत एक कागद चिकटवलेला आहे. वायरमन, केबलवाला, पोलीस चौकी, रिक्षावाला, डॉक्टर, आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन जण ज्यांचं पोरं ऐकतात. पदाधिकाऱ्यांची नावं त्यात नाहीत. पोरं कुणाचं ऐकतात ते वेगळं असतं. आमच्याकडे पोरं ऐकतात जिमवाल्याचं.

चहा_कमी_साखर
आमच्याकडे मिसळवाल्याचं. त्याच्याकडे उधारी असते ना.

सातपूर_कॉलनी
आणि नगरसेवक? त्यांचं काही काम असतं की नाही?

सिडकोचा_बंड्या
मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपल्यावर प्रशासक आले. पुढची कित्येक वर्षं तक्रार घेऊन जायचं कुणाकडे हाच प्रश्न. त्या काळात लोकांना सवय लागली की ज्याचा आवाज मोठा तो वॉर्डाचा मालक. ती सवय मोडायला वेळ लागणार.

पाथर्डी_फाटा
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. काय झालं ते सांगतो.

बायकोच्या सांगण्यावरून मागच्या गल्लीतल्या मंडळाच्या मुख्य पोराच्या घरी गेलो. अजेंडा काही नाही, नुसता गेलो. आषाढ तळण चालू होतं, त्याच्या आईने कापण्या दिल्या. वायरचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. निघताना आई म्हणाली, 'त्या फ्लेक्सचं तेवढं वाईट वाटलं होतं.' कुठला फ्लेक्स? तर गेल्या नवरात्राच्या आधी त्याचे वडील गेले. ओपन स्पेसच्या कोपऱ्यावर त्यांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. तो आमच्या मंडळाच्या पोरांनी गरब्याची लाइटिंग बांधायला काढला आणि गुंडाळून गटाराच्या कडेला टाकला. तेरावासुद्धा झाला नव्हता. वायरचं भांडण त्याच संध्याकाळचं.

एनसीमध्ये यातलं एक अक्षर नाही. दोन्ही अर्जांमध्ये फक्त 'लाइटच्या वायरीच्या कारणावरून'.

मी आमच्या पोरांना विचारलं. दोघं म्हणाले, आम्हाला माहीत नव्हतं कुणाचा फ्लेक्स आहे. एक गप्प बसला. त्या एकाला घेऊन परवा परत गेलो. काय बोलले दोघं मला माहीत नाही, मी आईशी बोलत बसलो होतो. वीस मिनिटांनी बाहेर आले ते गाडीच्या ॲव्हरेजवर बोलत होते.

बाकीचं: गणपती, गरबा, जयंती, तिघांसाठी एकच छापील अर्ज केला. पहिला अर्ज आमच्या मंडळाचा घेतला. जयंतीच्या मंडळाचे एक काका अर्ज बघून म्हणाले, 'आता तुम्हालाही लिहावं लागणार तर,' आणि हसले. भिंतीवर वेळापत्रक रंगवलं, तारखा, वेळा आणि मीटरचं रीडिंग सुद्धा. रंगाचा डबा मागच्या गल्लीने दिला. सभामंडपाचा विषय तसाच आहे, त्यावर तिघं नेमलेत, मी त्यात नाही. त्यात सुनंदाताईंच्या आग्रहाखातर दोन बायका. ज्येष्ठ नागरिक नाराज आहेत की तिघांत त्यांचा एकही नाही.

माजी_फौजदार
बांबू?

पाथर्डी_फाटा
फिरवला साहेब. तीन ठिकाणी अडला. दोन केबल आणि एक ज्येष्ठ नागरिकांनी लावलेल्या गुलमोहराची फांदी. केबलवाला येऊन गेला. फांदीला हात लावायचा नाही म्हणून ते झाडाखाली खुर्च्या टाकून बसलेत, कालपासून.

ओझरची_चारी
मूर्ती सहा इंच कमी करा.

पाथर्डी_फाटा
मूर्तिकाराला ॲडव्हान्स देऊन झालाय.

सुनंदा_जेलरोड
खुर्च्यांवर कोण कोण आहेत? त्यांच्यासाठी चहा कुणी नेला का?